अंजिराची ढेप, खजुराचा मदबसा

गुळाची ढेप आपण सगळ्यांनी पाहिली आहे. अंजिराची? बायबलच्या जुन्या करारात ती भेटते. अबीगईल दाविदासाठी गाढवांवर लादून जो शिधा नेते, त्यात अंजिराच्या २०० ढेपा आहेत. हिज्कीया राजाच्या गळवावरही यशया अंजिराचीच ढेप बांधायला सांगतो. हिब्रूत तिला ‘दवेला’ म्हणतात.

कृती आपल्या आजीला शिकवावी लागली नसती. पिकलेली अंजिरं अंगणात नाहीतर धाब्यावर उन्हात पसरायची, सुरकुतली की मडक्यात किंवा गोल साच्यात दाबून भरायची. फळं एकमेकांना चिकटून घट्ट ढेप होई. ती सुरीने कापून खात. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, शब्बाथला किती अन्न बाहेर नेलं तर नियम मोडतो याचं मापच ‘एका सुक्या अंजिराएवढं’ असं दिलंय. (आम्हा संगणकवाल्यांना असं ‘युनिट’ फार आवडतं!)

आपल्या आमिरातीत अंजिराची जागा खजुराने घेतली. दालमा बेटावर सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बिया सापडल्या आहेत. जुन्या किल्ल्यांत, घरांत ‘मदबसा’ नावाची छोटी खोली असे. तिच्या जमिनीला ओळीने पन्हळी. त्यांवर झावळ्यांच्या गोण्यांत भरलेला खजूर एकावर एक रचत. ना घाणा, ना बैल! वरच्या गोण्यांचं वजन आणि उन्हाळ्याची धग एवढ्यावर पाक सुटायचा आणि पन्हळीतून पुरलेल्या रांजणात उतरायचा. हा पाक म्हणजे ‘दिब्स’. हिब्रूतला मधासाठीचा ‘देवाश’ आणि हा दिब्स एकाच मुळाचे शब्द. ‘दुधामधाच्या देशा’तला मध हा खजुराचाच पाक असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. दाबलेला खजूर गोण्यांतच महिनोन्‌महिने टिके. मोती काढायला जाणाऱ्या होड्यांवर तो शिधा म्हणून जाई.

आपल्या कोकणातले बेने इस्रायली शुक्रवारी संध्याकाळी द्राक्षारसाऐवजी मनुका भिजवून, पिळून काढलेलं सरबत घेत आले आहेत. सुकवायचं आणि पिळायचं, इथेही तेच.

गेल्या हिवाळ्यात आईला अल ऐनच्या एका जुन्या मातीच्या घरातला मदबसा दाखवला. रत्नागिरीला आंब्याची साठं घालण्यात तिचे पन्नास उन्हाळे गेले. गुडघे दुखतात, म्हणून दोन वर्षांपासून तेही बंद आहे, आणि आमच्यापैकी कुणी ते शिकून घेतलेलं नाही. पन्हळींवरून बोट फिरवत ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “आणि मुंग्या रे? मुंग्यांचं काय करायचे हे लोक?”

मी वाचलेल्या एकाही पुस्तकात मुंग्यांचा उल्लेख नव्हता. तिथल्या वाटाड्यालाही ठाऊक नव्हतं.