घड्याळ आणि क्रमांक

आष्टी नावाची गावे मराठवाड्यात एकाहून अधिक आहेत. मी राहतो ती आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. अविनाश साबळेचा आष्टी तालुका बीड जिल्ह्यातला. बाहेरगावी गावाचे नाव सांगितले की हल्ली "म्हणजे साबळेची का?" असा प्रश्न येतो, आणि नाही म्हणताना उगाचच ओशाळल्यासारखे होते.

साबळेविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले त्यात मांडवा गाव, वीटभट्टीवर राबणारे आईवडील आणि शाळेची सहा किलोमीटरची पायपीट हेच अधिक येते. ते खरेच आहे. परंतु कोरडवाहू मुलखातील पायपीट हजारो मुलांच्या वाट्याला आली. तेवढ्याने कोणी धावपटू होत नाही. साबळे बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला. सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतीत तो प्रथम उतरला तो २०१५ मध्ये, म्हणजे वयाच्या विशीनंतर. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले ते २०१७ मध्ये. धावपटूच्या हिशेबाने हा उशीरच म्हणायचा.

ही शर्यतही विलक्षण आहे. अंतर तीन हजार मीटर. वाटेत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. नेहमीच्या अडथळा शर्यतीतला अडथळा पाय लागला की पडतो. इथला जाड लाकडी ओंडका हलत नाही, पडतो तो धावणारा. इंग्लंडमध्ये एका चर्चच्या कळसापासून दुसऱ्या कळसापर्यंत ओढे आणि कुंपणे ओलांडत धावण्याच्या पैजा लागत, त्यांचे हे मैदानी रूप. त्यामुळे येथे इतिहासाच्या दोन वह्या ठेवाव्या लागतात, एक घड्याळाची आणि दुसरी क्रमांकाची. साबळेची कारकीर्द वाचताना या दोन वह्या फारच क्वचित जुळताना दिसतात.

घड्याळाची वही पाहिली तर सगळा चढच आहे. गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये नोंदवलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम साबळेने २०१८ मध्ये भुवनेश्वरला मोडला. त्यानंतर तो स्वतःचाच विक्रम पुनःपुन्हा मोडत गेला आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांवर पोहोचला. सहा वर्षांत जवळपास एकवीस सेकंद!

आता दुसरी वही. २०१८ च्या आशियाई खेळांना घोट्याच्या दुखापतीमुळे जाता आले नाही. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूमुळे तो अडखळला. भारताने दाद मागितली, ती मान्य झाली, आणि अंतिम फेरीत तो तेरावा आला. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले. तेथे ८ मिनिटे १८.१२ सेकंद हा नवा राष्ट्रीय विक्रम करूनही आपल्या गटात तो सातवा ठरला आणि बाहेर पडला. तिसरा गट संथ धावला. त्यातला पहिला, मोरोक्कोचा सुफियान अल बक्काली, साबळेपेक्षा जास्त वेळ घेऊनही अंतिम फेरीत गेला आणि पुढे सुवर्णपदक जिंकला. विक्रम आणि बाद होणे, दोन्ही एकाच धावेत!

२०२२ चे वर्ष तर या विसंगतीचा नमुनाच. जूनमध्ये रबातला साबळे ८ मिनिटे १२.४८ सेकंदांत धावला. जुलैत युजीनच्या जागतिक स्पर्धेत विजेत्याला ८ मिनिटे २५.१३ सेकंद लागले, आणि त्या संथ शर्यतीत साबळे अकरावा! म्हणजे कमी पडले ते पायांचे बळ नव्हे; शेवटच्या फेरीत एकाएकी वेग बदलण्याची हातोटी कमी पडली, असे मला वाटते. ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल खेळांत ती सापडली. १९९४ नंतर या शर्यतीचे एकही पदक केनियाच्या बाहेर गेले नव्हते. साबळेने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य घेतले; केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्या पुढे होता तो अवघ्या पाच शतांश सेकंदांनी. त्याची सर्वांत मोठी शर्यत कोणती, असे विचारले तर मी ही हरलेली शर्यतच सांगेन.

पुढच्या वर्षी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो पुन्हा प्राथमिक फेरीतच गारद झाला आणि दीड महिन्याच्या आत हांगझोऊच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक घेऊन आला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष स्टीपलचेसपटू ठरला. नियम आता बदलला होता, प्रत्येक गटातले पहिले पाच घ्यायचे. साबळे आपल्या गटात नेमका पाचवा होता. अंतिम फेरीत अकरावा.

मे २०२५ मध्ये गुमी येथे त्याने आशियाई विजेतेपद मिळवले. पुढे जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीपाशी गुडघा दुखावला. अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली, मोसम संपला. सप्टेंबरमध्ये जागतिक स्पर्धा टोकियोत भरली, २०२१ च्या त्याच मैदानावर, आणि स्टीपलचेस त्याच्यावाचून झाली. न्यूझीलंडचा जॉर्डी बीमिश जिंकला. त्याला लागलेला वेळ होता ८ मिनिटे ३३.८८ सेकंद, गोपाल सैनी १९८१ मध्ये याहून बरोबर तीन सेकंद लवकर पोहोचले होते.