शौचासनाची उंची : एका उपेक्षित वस्तूचा इतिहास

इतिहासाच्या अभ्यासात किल्ले, नाणी, ताम्रपट व शिलालेख यांना जो मान मिळाला, तो मनुष्याच्या नित्य वापरातील वस्तूंना क्वचितच मिळाला. त्यातही शौचासनाविषयी लज्जेमुळे मौनच अधिक. वस्तुतः राजापासून रंकापर्यंत सर्वांना ज्या वस्तूची दररोज गरज भासते, तिचा आकार कसा ठरला, हा प्रश्न सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. आसनाची उंची वापरणाऱ्याच्या शरीररचनेवरून ठरली, की प्रतिष्ठा, कारागिरी व बाजार यांवरून, याचा शोध घेऊ लागले असता वैद्यक, स्थापत्य आणि जातिव्यवस्था ही तिन्ही क्षेत्रे एकमेकांत गुंतलेली आढळतात.

१

प्रथम शरीररचनेचा विचार केला पाहिजे. मलाशय जेथे गुदमार्गाला मिळते, तेथे जघनास्थीपासून निघालेला एक स्नायू मागून वेढा घालून त्यास पुढे ओढून धरतो. त्यामुळे मार्गात एक कोन उत्पन्न होतो व मलाचा निरोध होतो. उकिडवे बसले असता मांड्या पोटाशी येतात, हा कोन विस्तारतो आणि मार्ग अधिक सरळ होतो. जपानमधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या क्ष-किरण परीक्षेत खुर्चीसारख्या आसनावर हा कोन सरासरी १०० अंश, तर उकिडव्या बैठकीत १२६ अंश भरला. तपासलेल्या निरोगी व्यक्ती अवघ्या सहा होत्या, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. याच परीक्षेत आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली : आसनावर बसूनच मांड्या पोटाकडे काहीशा वळविल्या, तर कोनात फरक पडला नाही. अर्थात आसनाची सुधारणा वरवर दिसते तितकी सोपी नाही.

२

प्राचीन काळी दोन्ही पद्धती प्रचलित होत्या. मोहेंजोदडो येथील घरांत शौचाची सोय भिंतीलगत असून तेथील पाणी रस्त्यावरील विटांच्या गटारात जाई. रोमन साम्राज्यातील ओस्तिया नगरीत संगमरवरी बाकांना ओळीने छिद्रे पाडून सार्वजनिक शौचालये बांधलेली होती. तेथे नागरिक शेजारी शेजारी, बाकावर बसावे तसे बसत. उलट श्रीलंकेतील अनुराधपुराच्या विहारांत पावले ठेवण्याच्या जागा कोरलेल्या शिळा सापडतात. त्या उकिडव्या बैठकीसाठीच होत, यात शंका नाही.

आसनरचनेच्या दृष्टीने विनयपिटकातील चुल्लवग्गाचे साक्ष्य विशेष महत्त्वाचे आहे. शौचकूपाच्या काठावर बसताना भिक्षू पडू लागले, तेव्हा मध्ये छिद्र ठेवून वर आच्छादन घालण्याची अनुज्ञा देण्यात आली. तरीही बसण्यास कष्ट पडू लागले, तेव्हा पावलांसाठी आधार ठेवण्याची अनुज्ञा मिळाली. अडचण प्रथम, नियम नंतर, असा हा क्रम आहे. बसणाऱ्याच्या शरीरास होणारा त्रास हा येथे रचनेचा निकष ठरला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात मलमूत्रादींचे वेग अडवू नयेत, असा उपदेश आहे. मात्र तेथील भर वेगावर असून आसनाच्या रचनेवर नाही.

३

आज जगभर पसरलेल्या उंच आसनाची परंपरा मुख्यतः इंग्लंडमधील होय. जॉन हॅरिंग्टनने १५९६ साली पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचयंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये, तर जोसेफ ब्रामाने १७७८ मध्ये आपापल्या रचनेचा एकाधिकार मिळविला. कमिंगच्या रचनेत वळणदार नळीत पाणी अडून राही व दुर्गंधी परतत नसे. या सर्व शोधकांचे लक्ष पाणी, झडप व दुर्गंधी यांवर केंद्रित होते. बसणाऱ्याच्या मांड्या कोणत्या कोनात राहाव्यात, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच.

मग उंची कोठून आली? युरोपातील श्रीमंतांच्या घरी पूर्वीपासून झाकणाच्या पेटीत भांडे ठेवण्याची रीत होती. ती पेटी खुर्चीच्याच घडणीची असे. नवे यंत्र आले तेव्हा ते अशाच लाकडी पेटीत बसविण्यात आले. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्जने सार्वजनिक शौचालये उभारली. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज चालविणे कठीण झाले, तेव्हा जोसेफ बॅझलगेट याच्या भुयारी गटारांच्या योजनेस गती मिळाली. पुढे १८८० नंतरच्या दशकात टॉमस ट्वायफर्ड आदी कुंभकारांनी एकसंध चिनीमातीची उघडी पात्रे बाजारात आणली. लाकडी पेटी गेली, परंतु तिची उंची चिनीमातीत कायम राहिली. थोडक्यात, शौचासन हे वंशाने फर्निचर होय. खुर्चीवर बसणाऱ्या समाजाने आपली खुर्चीच तेथे नेली.

४

या आसनावर वैद्यकीय टीका विसाव्या शतकात होऊ लागली. एफ. ए. हॉर्निब्रूक याने १९२४ साली लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या उदरविषयक ग्रंथात उकिडव्या बैठकीचा कैवार घेतला. या मतांत सुधारणेच्या उत्साहाचा भाग मोठा व मोजमापाचा भाग अल्प होता.

मोजमापाचे कार्य अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात अलेक्झांडर किरा या स्थापत्यज्ञाने केले. त्याचा स्नानगृहाच्या रचनेवरील ग्रंथ १९६६ मध्ये व सुधारित आवृत्ती १९७६ मध्ये निघाली. वस्तू आधी आणि शरीर नंतर, हा क्रम उलटवून शरीराच्या क्रियांपासून आकार काढावा, ही त्याची भूमिका होती. आसन बरेच खाली आणून बसणाऱ्यास अर्ध-उकिडवी स्थिती मिळावी, असे त्याने सुचविले. ग्रंथ गाजला, उत्पादकांनी आसन मात्र खाली आणले नाही.

उलट ते आणखी वर गेले. अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यानुसार १९९१ मध्ये ठरलेल्या मानकांत चाकांच्या खुर्चीतून सरकून येणे शक्य व्हावे म्हणून आसनाची उंची १७ ते १९ इंच ठेवण्यात आली. हा निर्णय न्याय्य होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु तीच उंची पुढे सुखसोयीच्या नावाने सर्वसामान्य ग्राहकांसही विकली जाऊ लागली. एका गरजेसाठी केलेले माप दुसऱ्या गरजेवर लादले गेले.

५

इस्रायलमधील डॉव्ह सिकिरोव्ह याने २००३ साली २८ निरोगी व्यक्तींचे निरीक्षण प्रसिद्ध केले. सुमारे ४१-४२ सेंटिमीटर उंचीचे नेहमीचे आसन, ३१-३२ सेंटिमीटरचे ठेंगणे आसन व उकिडवी बैठक, अशा तीन स्थितींची त्यात तुलना होती. सरासरी वेळ अनुक्रमे १३०, ११४ व ५१ सेकंद आढळला. दहा सेंटिमीटर उंची कमी केल्याने थोडाच लाभ होतो आणि खरा फरक उकिडवे बसल्यानेच पडतो, असे या आकड्यांवरून दिसते.

पायांखाली ठेवावयाच्या चौरंगवजा साधनाचा प्रसार अमेरिकेत २०११ नंतर झपाट्याने झाला. ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये ५२ निरोगी व्यक्तींच्या चार आठवड्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. या साधनामुळे कुंथावे कमी लागते व वेळ कमी लागतो, असे बहुतेकांनी नोंदविले. परंतु साधन वापरीत असल्याची जाणीव असलेल्यांनी स्वतःच भरलेल्या या नोंदी होत. जपानी परीक्षेतील कोनांशी त्यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न शिल्लक राहतोच. पुराव्याचा कल स्पष्ट आहे, त्याचे बळ मात्र मर्यादित आहे. शिवाय मलावरोधाची कारणे आहार, पाणी, व्यायाम व औषधे यांतही असतात; सर्व भार आसनावर टाकणे अयोग्य होईल.

उकिडव्या बैठकीचा सरसकट गौरवही करता येत नाही. बीजिंग येथील वृद्धांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तरुणपणी दररोज दीर्घकाळ उकिडवे बसणे आणि उतारवयातील गुडघ्यांचा संधिवात यांचा संबंध आढळला. तेथे कामधंद्यातील बैठकही हिशेबात धरली होती, हे खरे. तथापि दुखऱ्या गुडघ्यांनी ज्या आजीला खाली बसवत नाही, तिला कोनांचे गणित सांगून उपयोग नाही.

६

भारतात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. येथे उकिडवी बैठक परंपरेने होती. परंतु ती ज्या शौचकूपावर होत असे, त्याच्या खालील टोपली किंवा डबा उचलण्याचे काम जन्माने ठरलेल्या जातींवर लादलेले होते. शहरांतील घरांमागे या कामासाठी वेगळे बोळ ठेवलेले असत. बसणाऱ्याचे आसन आरोग्यदायी होते, असे म्हणताना त्याच शौचकूपापुढे वाकणाऱ्या दुसऱ्या मनुष्याचे आसन कोणते होते, हे विचारणे इतिहासकारास टाळता येणार नाही. मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने आणि केंद्राच्या मलकानी समितीने १९६० च्या अहवालात या कामाच्या स्थितीची चौकशी केली. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ व २०१३ असे दोन कायदे करावे लागले, यावरून प्रथेची चिवटता दिसून येते.

म्हणून भारतातील रचनाकारांनी उंचीपेक्षा पात्राच्या उताराकडे लक्ष दिले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीजवळील गोपुरी आश्रमातून मैल्याचे खत करणाऱ्या साध्या संडासांचा प्रसार केला. लखनौच्या नियोजन, संशोधन व कृती संस्थेने पाण्याचा अडसर असलेले ग्रामीण शौचपात्र तयार केले. १९७० मध्ये बिंदेश्वर पाठक यांनी स्थापन केलेल्या सुलभ संस्थेने दोन खड्ड्यांच्या संडासाचा प्रसार केला. त्याच्या पात्राचा उतार २५ ते २८ अंश असल्याने दीड-दोन लिटर पाण्यात ते स्वच्छ होते. एक खड्डा भरला की दुसरा वापरात येतो व पहिल्यातील मैल्याचे कालांतराने खत होते. येथे पात्राच्या उतारातील काही अंश म्हणजे एका मनुष्याच्या डोक्यावरील टोपली उतरविण्याचे साधन होते. आरोग्य व न्याय यांची सांगड एखाद्या वस्तूच्या आकारात इतक्या उघडपणे क्वचितच पडते.

याच काळात शहरी घरांत उंच पात्राचा प्रवेश झाला. दोन्ही प्रकारे वापरता येईल असे, कडेवर पावलांसाठी जागा असलेले ‘अँग्लो-इंडियन’ पात्र हा त्यातील तडजोडीचा टप्पा होय. वृद्धांची सोय हे कमोडच्या स्वीकाराचे एक कारण. आधुनिकतेची खूण हे दुसरे. पाश्चात्त्य देशांत खाली बसण्याचे महत्त्व नव्याने सांगितले जात असता येथील घरे मात्र वर चढत आहेत.

७

या इतिहासातून एक निष्कर्ष काढता येतो. सर्वांस योग्य अशी शौचासनाची एकच उंची नाही. निरोगी तरुण, गुडघे दुखणारा वृद्ध, चाकांच्या खुर्चीतील व्यक्ती व सफाई करणारा कामगार यांच्या गरजा भिन्न आहेत, आणि आजवरच्या प्रत्येक रचनेने यांतील एखाद्यालाच प्रमाण मानले. चुल्लवग्गातील नियमांची दिशा या दृष्टीने आजही उपयुक्त आहे : ज्याला कष्ट पडतात त्याची अडचण आधी ऐकावी आणि मग आधार कोठे द्यावयाचा ते ठरवावे. आसनासमोर ठेवलेला साधा पाट, भिंतीला लावलेली पकड, एकाच इमारतीत दोन प्रकारची पात्रे, हे उपाय खर्चिक नाहीत. त्यांची निवड करताना मात्र प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे : हे माप घेताना कोणाचे शरीर समोर होते, आणि कोणाचे विसरले गेले?