झाडाची तहान आणि गवताची तहान



बल्लारपूरहून चंद्रपूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला बघा. लग्नकार्यासाठी जागोजागी ‘लॉन’ झाले आहेत. कुणाच्या वावराचा तुकडा त्यासाठी जातो, तर कुणी हौसेने घरापुढेच हिरवळ लावतो. हौसेला मोल नसते म्हणतात. पण त्या हिरवळीच्या मधोमध शोभेसाठी ठेवलेल्या जुन्या आंब्याला मात्र कधी कधी मोल द्यावे लागते. दोन-तीन वर्षे झाड बरे दिसते. मग मोहर कमी होतो, शेंडे वाळू लागतात. लोक म्हणतात, झाड म्हातारे झाले, नाहीतर कुणाची नजर लागली. पुष्कळदा खरे कारण जमिनीखाली असते. ते कारण माणसाने कसे शोधले, त्याची हकीगत आज सांगायची आहे.

फळझाड कुठून आले, हिरवळ कुठून आली?

आपल्या भागात फळझाडाची संगत जुनी आहे. वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरचा किल्ला उभा राहिला त्या गोंड राजांच्या काळाआधीपासून आंबा, मोह, टेंभुर्णी ही इथली झाडे. धुऱ्यावरचा आंबा कुणी रोज पाणी घालून वाढवला नाही. लहानपणी दोन उन्हाळे सांभाळले, पुढे त्याचे तो जगला. संत्र्याची गोष्ट वेगळी. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांनी ते त्या वेळच्या औरंगाबादहून नागपुरात आणले, असे सांगतात. बागेतले झाड म्हणून आलेले संत्रे पुढे विदर्भाचे पीक झाले, आणि २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

हिरवळीचा मुलूख दुसरा. इंग्लंडात हवा थंड, पाऊस बारमाही आणि बारीक. तिथे गवत आपोआप हिरवे राहते. मोठ्या जमीनदारांच्या वाड्यांपुढे ते मेंढ्यांकडून चारून किंवा विळ्याने कापून आखूड ठेवत. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापायचे यंत्र काढले आणि हिरवळ मध्यम घरांतही आली. १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. मग साहेबांचे बंगले आले, आणि बंगल्यापुढे हिरवळ आली. फरक एवढाच, की तिथे जे काम पाऊस करीत होता, ते इथल्या उन्हाळ्यात माळ्याला करावे लागले.

आणि गंमत पाहा. आपल्याकडे हिरवळीसाठी जे गवत सर्रास लावतात, ते म्हणजे आपली हरळीच. गणपतीला वाहतो ती दूर्वा, डवरणीच्या वेळी शिव्या खाते ती हरळी, आणि बंगल्यापुढे पाणी पिते तीही हरळी! गवत एकच, जागा बदलली की त्याचा मान बदलतो.

इंग्लंडातल्या बागेतले कोडे

आता मुख्य गोष्ट. इंग्लंडात सफरचंदाची झाडे गवतात लावायची जुनी चाल होती. १८९४ साली वोबर्न येथे बेडफर्डचे ड्यूक आणि स्पेन्सर पिकरिंग या शास्त्रज्ञाने फळझाडांवर प्रयोग सुरू केले. काही झाडांखालची जमीन मोकळी ठेवली, काहींखाली गवत पेरले. गवतातली झाडे खुरटली. पाने फिकट पडली, वाढ थांबल्यासारखी झाली. पिकरिंग यांचे मत असे झाले, की गवताच्या मुळांतून झाडाला बाधणारे विष निघते.

हेच कोडे पुढे आपल्या देशात आले. बिहारमधल्या पुसा येथील संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ पासून काम करीत होते. इंदूर पद्धतीचे कंपोस्ट तुम्हाला माहीत आहे ना? ते काढणारे हेच हॉवर्ड; १९२४ साली ते इंदूरला गेले. त्याआधी पुशाला त्यांनी आठ जातींची फळझाडे लावली. त्यांत आंबा, पेरू, लिंबू, सीताफळ, लिची अशी आपल्या ओळखीची झाडे होती. झाडे लागली, धरली, आणि मग काहींखाली गवत केले, काहींखाली जमीन मोकळी व नांगरती ठेवली. काही ठिकाणी गवत ठेवूनच मधून चर खणले आणि त्यांत विटांचे तुकडे भरले, म्हणजे मातीत हवा जावी.

निकाल काय लागला? गवताने झाडांना त्रास झाला. सगळ्या जातींना सारखा नाही. कुणी तग धरला, कुणी खचले. पण चर जिथे होते तिथे गवत असूनही झाडांची प्रकृती सुधारलेली दिसली. हॉवर्ड यांनी झाडांची मुळेही खणून पाहिली. झाडाची वरची मुळे आणि खोल मुळे वेगवेगळ्या ऋतूंत काम करतात, हे त्यांना दिसले. उन्हाळ्यात वरची माती कोरडी झाली की खोल मुळे कामाला लागतात. पाऊस पडला की वरची मुळे जागी होतात. नेमक्या त्याच वेळी गवत वरच्या थरात दाटते आणि मातीतली हवा कोंडते. १९२५ साली त्यांनी हे लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडले.

पिकरिंग विष म्हणाले, हॉवर्ड हवा म्हणाले. आजचे शास्त्र सांगते, की मुख्य भांडण पाण्याचे आणि नत्राचे असते. भारी काळ्या जमिनीत हवा कोंडण्याचा त्रास त्यात भर घालतो. कारणांबद्दल मते बदलली, पण लहान फळझाडाच्या बुडाशी गवत नको, ही गोष्ट टिकून राहिली.

दोघांच्या गरजा कुठे जुळत नाहीत?

गवताला पाणी थोडे आणि वरचेवर लागते, कारण त्याची बहुतेक मुळे वरच्या वीतभर थरात असतात. झाडाला पाणी उशिराने पण खोलवर हवे. गवत वारंवार कापतो, म्हणून त्याला नत्र पुन्हा पुन्हा द्यावे लागते. तेच नत्र फळझाडाला अवेळी मिळाले, तर नुसता पाला सुटतो आणि फळ राहते बाजूला. गवताला दिवसभर ऊन हवे. वाढलेला आंबा त्याच्यावर सावली धरतो. म्हणून जुन्या आंब्याखाली हरळी विरळ होते. ती दाट व्हावी म्हणून माणूस आणखी पाणी घालतो, आणि आंब्याचे बूड कायम ओले राहते.

सगळ्यांत मोठा फरक विश्रांतीचा. फळझाडाला ताण लागतो. संत्र्याचा आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडावे लागते. मृग बहारासाठी मे महिन्यात. आंब्याचेही मोहरापूर्वीचे दोन-तीन महिने पाणी बंद ठेवतात. हिरवळीला मात्र ताण दिला की ती पिवळी पडते. मग एकाच नळाने दोघांचे समाधान कसे होणार? वरून संत्र्याच्या खोडाशी ओल राहिली की मूळकूज आणि डिंक्या रोगाला आमंत्रणच.

मग करायचे काय?

१. हिरवळीत झाड असेल तर झाडाच्या घेराखालचे गवत काढा. लहान कलमाभोवती निदान एक-एक मीटर जागा चोहीकडून मोकळी ठेवा. खुरप्याने हलके काढा. खोल खणून वरची मुळे तोडू नका.

२. मोकळ्या जागेत तणस किंवा पालापाचोळा अंथरा. चार बोटांचा थर पुरे. खोडापासून मात्र वीतभर दूर ठेवा.

३. गवताचे पाणी आणि झाडाचे पाणी वेगळे करा. वेगळी नळी, वेगळा कॉक. तुषाराचे पाणी खोडावर पडता कामा नये.

४. संत्रा-लिंबाला दुहेरी आळे करा. आतल्या आळ्यात खोड कोरडे, बाहेरच्या आळ्यात पाणी. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर खोडाला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, हे प्रमाण.

५. नवीन बाग लावायची असेल तर हरळीचा बंदोबस्त आधीच करा. उन्हाळ्यात खोल नांगरा, काशा वेचून बांधाबाहेर उन्हात वाळवा. कलमे लागल्यावर हे काम दहापट जड जाते.

गवत म्हणजे शत्रू, असे मात्र समजू नका. उताराच्या वावरात पावसाळ्यात दोन ओळींच्या मधला गवताचा पट्टा माती धरून ठेवतो. ते कापून जनावरांना घाला, नाहीतर झाडाखाली अंथरा. आपल्या जंगलातला बांबू हाही गवताच्याच कुळातला. त्याच्यावर बल्लारपूरचा कागद कारखाना चालला आणि कितीक घरांच्या चुली पेटल्या. गवताला गवताची जागा द्यावी, झाडाला झाडाची, एवढेच म्हणणे.

हिरवळ गेली तर एका पावसाळ्यात पुन्हा लावता येते. आजोबांनी लावलेला आंबा गेला तर त्याचे फळ खायला नातवापर्यंत थांबावे लागते. तेव्हा उद्या सकाळी वावरात जाल तेव्हा झाडाच्या बुडाशी बसा, माती मुठीत घ्या आणि बघा, तिथे पाणी कोणाच्या तहानेने दिले जाते आहे?

राम राम!