धोतऱ्याचं औषध आणि काएचे डोळे

महादेवाला आपण धोतऱ्याचं फूल वाहतो, पण त्याचं बी पोरांच्या हाती लागू देत नाही. चिमूटभर जास्त पोटात गेलं तर माणूस भ्रमतो, दगावतोही. आज आम्ही सांगणार आहोत जपानमधल्या एका वैद्याची हकिकत. दोनशे वर्षांपूर्वी याच धोतऱ्यानं बाईला गाढ झोपवून त्यानं तिच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली.

त्याचं नाव हानाओका सेइशू. जन्म १७६० चा, आजच्या वाकायामा भागातल्या हिरायामा गावचा. बापही वैद्यच. पोरगा क्योतोला गेला, तिथं जुनी चिनी वैद्यकी शिकला आणि डच लोकांकडून आलेली चिरफाडही. १७८५ मध्ये परत आला तो गावातच राहिला. नाव झालं तरी गाव सोडलं नाही. पुढं लांबलांबची माणसं त्याच्या दारात यायची.

तेव्हा तिकडे समज होता की बाईचा जीव तिच्या स्तनात असतो, तिथं सुरी लागली की ती संपलीच. पण बैलाच्या शिंगानं स्तन फाटलेली एक बाई त्याच्याकडे आली आणि उपचारांनी बरी झाली, असं सांगतात. म्हणजे स्तन कापला तरी बाई जगते!

राहिलं दुखणं. ते केवढं असेल? १८११ मध्ये पॅरिसला फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेचा स्तन काढला, तो ती जागी असताना. भूल नव्हतीच, आधी थोडी दारू पाजली एवढंच. नंतर तिनं बहिणीला पत्र लिहून सगळं कळवलं. असलं सोसण्यापेक्षा बाया गाठ लपवून ठेवत असतील, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

सेइशूनं धोतरा, बचनाग आणि आणखी काही मुळ्या उकळून काढा केला. नाव त्सूसेन्सान. मात्रा ठरवायला जवळजवळ वीस वर्षं गेली. आधी जनावरांवर पाहिलं. मग माणूस हवं होतं. आई ओत्सुगी आणि बायको काए पुढं झाल्या. या प्रयोगांपायी आई वारली आणि काएची दृष्टी गेली, अशी आठवण तिकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. त्यावर सावाको आरियोशी या लेखिकेनं १९६६ मध्ये कादंबरी लिहिली. तिच्यात सासू आणि सून, काढा मी पिणार म्हणून एकमेकींशी चढाओढ करतात. आम्हाला मात्र राहून राहून वाटतं, त्या घरात या दोघींना ‘नाही’ म्हणायची सोय होती का? वैद्याचं मोठेपण आम्ही मानतो, पण हा प्रश्न काही सुटत नाही.

१८०४ मध्ये कान नावाची साठ वर्षांची बाई आली. तिच्या बहिणी याच रोगानं गेल्या होत्या, त्यामुळे पुढं काय वाढून ठेवलंय हे तिला ठाऊक होतं. सेइशूनं आधी तिचा बेरीबेरीचा आजार आटोक्यात आणला आणि मगच काढा पाजला. काढा चढायला दोनचार तास लागत, आणि झोप सहा तासांपासून पार दिवसभरही टिके. गाठ निघाली, कान शुद्धीवर आली. पुढच्या वर्षी ती वारली, कारण रोग फार पुढं गेलेला होता.

सेइशू १८३५ मध्ये गेला. तोवर त्यानं दीडशेहून अधिक बायांच्या गाठी काढल्या होत्या. कोणी थोडेच दिवस जगली, तर एक ४१ वर्षं! त्याच्याकडे हजारावर शिष्य शिकले, पण काढ्याची कृती बाहेर सांगायची नाही अशी त्यांना शपथ असे. त्यात जपानची दारं परदेशाला जवळपास बंद. मग १८४६ मध्ये अमेरिकेत बोस्टनला ईथरची भूल दिली, तेव्हा जगाला वाटलं की हे पहिल्यांदाच घडतंय.

एक सांगतो, घरी धोतऱ्याचा काढा कुणीही करायचा नाही. आता भुलेचे डॉक्टर असतात. स्तनातली गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून ‘बघू पुढं’ म्हणत राहू नका. गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर आशाताईंना सांगा आणि आरोग्य केंद्रात दाखवा. तिशी ओलांडलेल्या बायांची स्तनतपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. आणि कानसारखं आई-बहिणीला झालेलं असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.