जुन्नर ते नाणेघाट : एका वाटेचे वाचन

मराठीच्या उगमाचे प्रकरण शिकवताना नाणेघाटचा शिलालेख आणि ‘गाथासप्तशती’ ही दोन नावे आम्ही वर्षानुवर्षे एका दमात घेत आलो. दोन्हींचा संबंध सातवाहनांशी, दोन्हींची भाषा प्राकृत, आणि दोन्ही परीक्षेत टिपांना हमखास येणारी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा ही नावे वर्गाबाहेरही दुमदुमली. रंगनाथ पठारे समितीच्या अहवालात ती पुराव्यादाखल होतीच. त्याच निर्णयाने प्राकृतलाही स्वतंत्रपणे तो दर्जा मिळाला, हे मात्र आनंदाच्या भरात आपण फारसे मनावर घेतले नाही. मग घाटातल्या भिंतीवरचा तो लेख नेमका कोणाचा? यावर आम्हा दोघा सहकाऱ्यांत स्टाफरूममध्ये बरीच वादावादी झाली, आणि अखेर असे ठरले की वाद पुढे चालवण्याआधी त्या लेखापर्यंत जाणारी वाट तरी नीट पाहावी.

नाणेघाटला आम्ही पूर्वी गेलो नव्हतो असे नाही. विद्यार्थ्यांची सहल घेऊन गेलो होतो. पण जुन्नर ते नाणेघाट हे तीसेक किलोमीटरचे अंतर बसमध्ये गाण्याच्या भेंड्या रंगात येतात न येतात तोच संपते. शिवनेरी एक ठिकाण, लेण्याद्री दुसरे, नाणेघाट तिसरे, अशी पाठ्यपुस्तकातल्या यादीसारखी ती उमटतात आणि मधला रस्ता कोरा राहतो. पायी जायचे तर मुक्कामाची सोय पाहावी लागते, आणि आमचे गुडघे आता चाळिशी ओलांडलेले आहेत. म्हणून सायकली काढल्या. एकाची गिअरची, दुसऱ्याची साधी, काळी, जड. डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे आम्ही जुन्नर सोडले.

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत कोरीव लेण्यांची संख्या दोनशेहून अधिक आहे. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा असे त्यांचे गट चारी दिशांना पसरलेले. इथल्या दानलेखांत राजेमहाराजे कमी आणि व्यवसाय करणारी माणसे जास्त भेटतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. स्वतःला यवन म्हणवणारे दातेही आहेत. शहराबाहेर पडल्यावर पाडळीजवळच्या तुळजा लेण्यांकडे आम्ही मुद्दाम वळलो. तिथले चैत्यगृह वर्तुळाकार आहे. मधोमध स्तूप आणि भोवती बारा अष्टकोनी खांब. खांबांना ना तळखडा, ना शीर्षभाग. अलंकरण सुरू होण्याआधीची ही वास्तू पाहून निघालो, तेव्हा ऊन नुकतेच अंगाला लागू लागले होते.

आपटाळ्यापर्यंत रस्ता सौम्य आहे. पुढे चावंड समोर उभा राहतो, आणि सायकलस्वाराला तो बराच वेळ समोरच उभा दिसतो. कितीही पायडल मारले तरी जवळ येत नाही. निजामशाहीचा बालवारस बहादूर याला सोळाव्या शतकाच्या अखेरीस या गडावर कोंडून ठेवले होते. १८१८ मध्ये इंग्रजांनी गडाच्या पायऱ्या उडवल्या, त्याच्या खुणा आजही चढताना पायाला जाणवतात. आम्ही गडावर गेलो नाही. पण त्याच्या पायथ्याने जाताना एक गोष्ट उमगली, जी नकाशात आम्हाला कधी दिसली नव्हती. चावंड, पलीकडे हडसर, घाटमाथ्याशी जीवधन हे किल्ले म्हणून सुटे सुटे शिकवले जातात, पण त्यांचे राखणे एका वाटेचे आहे. किल्ले वाटेमुळे आहेत. वाट त्यांच्या आधीची आहे. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटाने वर चढून जुन्नरला आणि तिथून पैठण, तेरकडे जात असे. लादलेला बैल दिवसाकाठी पाच-सहा कोस चालला तर घाटमाथ्यापासून जुन्नर ही दीड-दोन दिवसांची मजल. साध्या सायकलवरच्या आमच्यापैकी एकाची चढावरची गती त्या बैलाहून फार निराळी नव्हती, हे इथे नमूद करून ठेवतो.

चावंडच्या पुढे माणिकडोह धरणाचे पाणी मधूनमधून चमकत राहते. पूर गावाशी कुकडेश्वराचे मंदिर आहे आणि कुकडी नदीचा उगम इथलाच मानतात. झंझ राजाने बारा नद्यांच्या उगमांशी बारा शिवालये बांधली, त्यांतले हे एक, अशी परंपरा सांगते. मंदिर शिल्पांनी भरलेले आहे. तासभर बसलो तरी कमीच. पण त्या दिवशी आमचे लक्ष शिल्पांपेक्षा पाण्याकडे अधिक होते. टाके, कुंड, उगम, पुन्हा टाके. दम लागू लागतो तिथे तिथे पाणी. गाडीतून जाणाऱ्याला हे कळायचे कारण नाही, त्याच्याजवळ बाटली असते. आमच्याजवळही होती, ती पूरला संपली.

पुढचा प्रदेश भातखाचरांचा आणि हिरड्याच्या झाडांचा. इथल्या महादेव कोळी कुटुंबांना हिरडा हा हक्काचा चार पैशांचा आधार. घाटघरला एका घरासमोर थांबून आम्ही पाणी मागितले. बाईंनी हंड्यातून तांब्या भरून दिला. हंडा डोक्यावरून आणलेला होता हे दिसत होते, त्यामुळे दुसरा तांब्या मागण्याचा धीर झाला नाही. त्यांनीच तो भरून पुढे केला. “सायकलीवर कुठून आलात?” म्हणून विचारले. जुन्नरहून, लेख वाचायला, असे सांगितल्यावर त्या हसल्या. “काय लिवलंय तिथं?” आम्ही म्हणालो, एका राणीने काय काय दान दिले त्याचा हिशेब. त्यांनी मान डोलावली आणि कळशी उचलून आत गेल्या.

नाणेघाटच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, म्हणून घाटाचे नाव नाणेघाट, ही व्युत्पत्ती सर्वांना आवडते. घाट कोणी फोडायचा यावरून पैज लावलेल्या नाना-गुणा या भावांची गोष्टही आहे. रांजणावरून जकात सिद्ध होत नाही, हे खरे. पण ती चिंचोळी खिंड पाहिली की जकात घ्यायला याहून चांगली जागा सापडणार नाही, हेही खरे. सायकली माथ्यावर ठेवल्या आणि फरसबंदीच्या पायऱ्या उतरून गुहेत शिरलो.

१८२८ मध्ये विल्यम साइक्स यांनी या लेखांची दखल घेतली. पुढे भगवानलाल इंद्रजींनी त्यातील अंकांवर लिहिले आणि १८८३ मध्ये ब्यूलर यांचे वाचन प्रसिद्ध झाले. काळ बहुतेक अभ्यासक आज इसवी सनापूर्वीचे पहिले शतक मानतात. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी ओळी आहेत, पुष्कळ झिजलेल्या. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन. मग यज्ञामागून यज्ञ आणि दक्षिणा. अकरा हजार गाई, हजार घोडे, सतरा रुप्याची भांडी. एका ठिकाणी २४,४०० कार्षापण, आणि प्रेक्षक व सेवकांना म्हणून ६,००१. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडून चारशे लिहिले आहेत. आजवर हे आकडे आम्ही अंकलेखनाचा पुरावा म्हणून शिकवले. त्या दिवशी घामाने थबथबलेल्या अंगाने ते पाहताना वाटले, हे आकडे कोणापुढे मांडले होते? आम्हाला वाटते, खिंड चढून आलेल्या, माल उतरवून दम खाणाऱ्या, जकात देणाऱ्या माणसांपुढे. त्यांतल्या किती जणांना वाचता येत होते कोण जाणे. पण आपण भरलेल्या पैशाचे पुढे काय होते, ते भिंतीवर होते.

मागच्या भिंतीवर एकेकाळी राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार, महारठी अशी नावे वर कोरलेली आहेत. प्रतिमा गेल्या, खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. मोठ्या लेखातली दानकर्ती राणी म्हणजे हीच नागनिका, असे अभ्यासकांनी ठरवले आहे. यज्ञांच्या आकड्यांच्या आधी या राणीचे वर्णन येते, ते आम्ही वर्गात कधी थांबून वाचले नव्हते. महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी, ब्रह्मचर्य पाळलेली अशी ती आहे. ती विधवा असावी, हे त्यावरून काढलेले अनुमान.

इथे ‘गाथासप्तशती’ची आठवण होणे अपरिहार्य होते. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तिचे मराठी संपादन केले. ‘सह्याद्रि’ हा ग्रंथही त्यांचाच. एकाच अभ्यासकाला डोंगर आणि गाथा या दोन्हींचे वेड असावे, यातले औचित्य आम्हाला घाटात कळले. गाथांमध्ये पथिक पावलोपावली आहे: परदेशी निघालेला, वाटेत अडकलेला, पाणपोईवरच्या स्त्रीकडे पाहत पाणी सांडू देणारा. आणि त्याच्या घरी मागे राहिलेली बाई दिवस मोजते आहे. लेखातली राणी आणि गाथेतली ती अनाम स्त्री यांच्यात शतकांचे अंतर असेल, संकलनाच्या काळाविषयी मतभेदही आहेत. तरी वाट तीच. एकीने गाई आणि कार्षापण मोजून कोरले, दुसरीचे मोजणे एका गाथेत मावले. एकीला भाषेचा पुरावा आणि दुसरीला शृंगाराचा नमुना म्हणून दोन वेगळ्या तासांना शिकवण्यात आम्ही आजवर चूक करत होतो, असे आमच्यापैकी एकाचे ठाम मत झाले. दुसऱ्याचे म्हणणे, राजलेख आणि लोककाव्य यांत इतकी जवळीक शोधणे हा चढाने आलेल्या थकव्याचा परिणाम आहे.

परतीचा रस्ता उताराचा. पायडल फारसे मारावे लागले नाही, आणि वादही घाटघरपासून आपटाळ्यापर्यंत चालू राहिला. तिथे काळी सायकल पंक्चर झाली. घरी आल्यावर आम्ही आमच्या जुन्या टिपणातले ‘नाणेघाटचा शिलालेख हा मराठीचा आद्य पुरावा होय’ हे वाक्य खोडले. त्या जागी काय लिहावे, यावर अजून आमचे एकमत झालेले नाही. यंदाच्या वर्गाला मात्र लेख आणि गाथा एकाच तासाला वाचायला दिल्या आहेत.