शेतात डिझेलची टाकी पुरताय? आधी परवान्याचा नियम बघा

जेसीबी, हार्वेस्टर, दोन-तीन ट्रॅक्टर असले की रोज पंपावर हेलपाटे परवडत नाहीत. मग शेतातच डिझेलची टाकी पुरायचा विचार सुरू होतो. "जागा आपली, डिझेल आपल्याच वापराचं, परवाना कशाला?" असं अनेकांना वाटतं. पण डिझेल विकायचं नसलं म्हणून सूट मिळत नाही. साठा किती आणि टाकी केवढी, यावर परवाना ठरतो.

मर्यादा किती?

पेट्रोलियम कायदा १९३४ नुसार डिझेल आणि रॉकेल 'ब' वर्गात येतात. एकूण साठा २,५०० लिटरपर्यंत आणि कोणतंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर परवाना लागत नाही. म्हणजे २०० लिटरचे १२ बॅरल चालतात. पण १,५०० लिटरची एकच टाकी, जमिनीत असो की वर, परवान्याशिवाय चालत नाही.

पेट्रोल 'अ' वर्गात, जास्त धोक्याचं. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं. त्यासाठी काचेचं किंवा चिनीमातीचं भांडं १ लिटरपर्यंत, धातूचं २५ लिटरपर्यंत, आणि झाकण घट्ट हवं. प्लास्टिकची बाटली किंवा कॅन यात बसत नाही.

परवाना कोण देतं?

पेट्रोल पंपासाठी आधी जिल्हाधिकाऱ्यांचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ते पोलीस आयुक्त देतात. साठ्याचा परवाना 'पेसो' ही केंद्राची यंत्रणा देते. तिचं मुख्यालय नागपुरात आहे. टाकी मंजूर नकाशाप्रमाणेच बसवावी लागते आणि वापरात आणण्याआधी गळतीची चाचणी करावी लागते.

टाकी जमिनीखाली का?

उन्हाची झळ आणि वाहनाची धडक लागत नाही म्हणून. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात, गटारीत साचते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. म्हणून टाकीची वाफ बाहेर सोडणारी नळी किमान ४ मीटर उंच आणि तोंडाला बारीक तारेची जाळी लावलेली असावी लागते.

गावकऱ्यांनी काय बघावं?

टँकर खाली होताना अर्थिंगची तार जोडलेली आहे का, जवळ विडी-सिगारेट कोणी ओढत नाही ना, वाळूच्या बादल्या भरलेल्या आहेत का, हे बघा. पंपाजवळच्या विहिरीला किंवा बोअरच्या पाण्याला इंधनाचा वास आला, तर ते पाणी पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका. तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आग लागलीच तर पाणी मारू नका. पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. सुरुवातीची लहान आग वाळू किंवा पावडरच्या सिलिंडरने विझवा. आग मोठी असेल तर लांब व्हा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.