ऑइल फिल्टर : निवड आणि पारख

मोटारीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात ऑइल फिल्टरची रक्कम किरकोळ असते. तरीही अनेक मोटारमालक काटकसर करतात ती नेमकी येथेच. ‘बसतो ना, मग झाले’ हा निकष मात्र इंजिनाला महागात पडू शकतो.

इंजिनातील तेलात कार्बनचे कण, झिजलेल्या धातूचा कीस आणि धूळ मिसळत असते. हे तेल बेअरिंगपर्यंत पोहोचण्यापूर्वी गाळण्याचे काम फिल्टर करतो. तो तुंबला तरी इंजिन तेलावाचून राहू नये, यासाठी बायपास झडपेची योजना असते. दाबातील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ही झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. चालकाला याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे गाडी सुरळीत चालणे हा फिल्टर चांगला असल्याचा पुरावा ठरत नाही.

निवड करताना केवळ आकार आणि आटे जुळवून भागत नाही. बायपास झडप किती दाबाला उघडावी, हे इंजिनागणिक बदलते. काही मोटारींत ती इंजिनातच बसवलेली असते. म्हणून मोटारीच्या पुस्तिकेतील पार्ट नंबर पाहूनच फिल्टर घ्यावा. इंजिन बंद असताना तेल मागे ओघळू न देणारी रबरी झडप सिलिकॉनची असल्यास उष्णतेत अधिक काळ लवचिक राहते.

फिल्टरची क्षमता प्रयोगशाळेत ‘आयएसओ ४५४८-१२’ या प्रमाणानुसार तपासली जाते. तेलात चाचणीची धूळ सतत सोडून ते फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात आणि आधीचे व नंतरचे कण मोजतात. म्हणूनच ‘९५ टक्के कार्यक्षम’ एवढाच दावा अपुरा आहे. किती मायक्रॉनच्या कणांसाठी, हेही वेष्टनावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे.

ग्राहकालाही काही गोष्टी तपासता येतात. आटे स्वच्छ आहेत का, रबरी वॉशर खाचेत सपाट बसला आहे का, वेष्टनावरील छपाई सुबक आहे का, हे पाहावे. फिल्टर बदलताना जुना वॉशर इंजिनाला चिकटून राहिलेला नाही, याची खात्री करून घ्यावी. अन्यथा दोन वॉशर एकावर एक बसून तेलगळती होते. इंजिन सुरू केल्यावर तेलाच्या दाबाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. त्यानंतर गळती तपासावी आणि इंजिन बंद करून थोड्या वेळाने तेलाची पातळी पाहावी.

मुंबई-पुण्याच्या वाहतूक कोंडीत इंजिन चालत राहते, किलोमीटर मात्र वाढत नाहीत. त्यामुळे पुस्तिकेत खडतर वापरासाठी दिलेली कमी मुदतच पाळणे हिताचे. गॅरेजमधून जुना फिल्टर मागून घ्यावा आणि शक्य असल्यास तो कापून पाहावा. घड्यांमध्ये धातूचे चकचकीत तुकडे आढळले, तर दोष फिल्टरचा नसून इंजिनाचा असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी मेकॅनिककडे जाण्यास विलंब करू नये.